भरल्या ट्रकाची चाल

फार पूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा राजे-राण्या अजून गादीवर होत्या आणि रस्त्यांवर मोटारी नुकत्याच धावू लागल्या होत्या. डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं राज्य होतं. तिथे एक राणी राज्य करत होती. तिच्या पदरी एक ट्रक होता, आणि तो ट्रक चालवणारा हैबती नावाचा माणूस होता.

हैबती तिशीतला, उंच आणि हसरा. त्याचा हात स्टिअरिंगवर पडला की ट्रक सुसाट निघायचा. रोज सकाळी तो रेल्वे स्टेशनावरून टपाल आणायचा. त्याची गाडी धुरळा उडवत गेली की बायका म्हणायच्या, हैबती गेला, आता भाकरी थापायला घ्या. टांगेवाले त्याचा हॉर्न ऐकून बाजूला व्हायचे आणि हात वर करायचे. हैबतीला हे फार आवडायचं. लोक ज्या गोष्टीसाठी आपलं नाव घेतात, ती गोष्ट हातातून सोडवत नाही. तुमचं-आमचं तसं, त्याचंही तसंच.

त्याच राज्यात, डोंगरावर, एक पठार होतं. पठारावर काही गावं होती आणि त्या सगळ्या गावांना मिळून एक तलाव होता. तलावाच्या बांधाची राखण चंद्राक्का नावाची बाई करायची. तिच्या सासऱ्यांनी ती केली होती, नवऱ्याने केली होती, आणि नवऱ्यामागे आता ती करत होती. बांधात पाणी सोडायची मोरी होती आणि मोरीला सागवानी दार होतं. हिवाळा संपता संपता ते जुनं दार कुजून फुटलं. तलावाचं पाणी मोरीतून सुटलं आणि खालच्या दरीत वाहून जाऊ लागलं.

चंद्राक्काने गावकऱ्यांना हाक मारली. सगळ्यांनी मिळून चिकणमाती, झाडझुडूप, दगड जे हाताला लागेल ते मोरीत कोंबलं. पाणी थांबलं. काही दिवसांनी माती वाहून गेली आणि पाणी पुन्हा सुटलं. पुन्हा कोंबलं, पुन्हा सुटलं. उन्हाळा अख्खा पुढे होता आणि तलाव रोज थोडा खाली जात होता.

तेव्हा चंद्राक्का डोंगर उतरून राणीकडे आली. तिने सगळं सांगितलं. राणीने लगेच लोहारशाळेत हुकूम दिला आणि मोरीसाठी लोखंडी दार घडवून घेतलं. दार चांगलं झालं, मजबूत झालं, पण इतकं जड झालं की चाळीस माणसांना ते जेमतेम हलायचं. आणि ते एकसंध होतं. धान्याची पोती असती तर खेचरांवर थोडी थोडी लादून नेता आली असती. दाराचे तुकडे करून चालणार नव्हतं.

आधी बैल लावून पाहिले. पठाराच्या वाटेवर पहिल्यांदा एक कोरडी नदी लागते. तिचं पात्र रुंद आहे आणि त्यात गुडघाभर वाळू आहे. गाड्याची चाकं त्या वाळूत रुतली. कशीबशी ओढून काढली, तर पुढे घाट. घाटाची वळणं इतकी अरुंद आहेत की पुढच्या बैलजोड्या वळून पलीकडे जातात, मागच्या अलीकडे राहतात, आणि मग कोणी कुठे ओढावं हेच कळेनासं होतं. बैल परत आणले.

"दार ट्रकवर चढवा," हैबती राणीला म्हणाला. "सरकार, दुपारच्या जेवणाला मी पठारावर असेन."

राणीने परवानगी दिली. चंद्राक्का मातीचं काम बघायला लगेच वर परतली. जाताना ती हैबतीला एवढंच सांगून गेली की तू ये, आम्ही वाट बघतो.

हैबतीने जाड दोरखंडांनी दार बांधलं आणि निघाला. सपाट रस्त्यावर ट्रक नेहमीसारखाच पळाला. नदी दिसली तशी त्याने वेग आणखी वाढवला. त्याला वाटलं, वेगातच वाळू पार होईल. पण ट्रकचे टायर अरुंद होते, हवा भरून टणक केलेले, पक्क्या रस्त्यावर पळण्यासाठी बनवलेले. वर एवढं ओझं. लोण्यात सुरी शिरावी तसे ते वाळूत शिरले. हैबतीने आणखी जोर दिला, तसा ट्रक आणखी खाली गेला आणि शेवटी चाकांच्या आसावर टेकून बसला. बैलांनी ओढून तो बाहेर काढायला दिवस गेला.

हैबती परत आला आणि राणीच्या मोटारखान्यातल्या मिस्त्रींकडे गेला. त्यांचं नाव इब्राहिमचाचा. पांढरी दाढी, तेलाने काळे झालेले हात, बोलणं थोडं. हैबतीने त्यांना सांगितलं की टायर बदलायचे आहेत, मोठे आणि रुंद हवेत, वाळूवर पसरून चालतील असे.

चाचांनी मान हलवली. टायर बदलायला त्यांची हरकत नव्हती. पण त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे.

ट्रकची मागची दोन चाकं जोडणाऱ्या आसात, मधोमध, एक लोखंडी पेटी असते. तिच्यात दातेरी चाकांची जोडी असते, एक लहान आणि एक मोठं. इंजिन लहान चाकाला फिरवतं, लहान चाक मोठ्याला, आणि मोठं चाक रस्त्यावरच्या चाकांना. मोठ्या चाकाला दात जास्त असले तर गाडी सावकाश चालते, पण तिच्या ओढण्यात जोर असतो. दात कमी असले तर गाडी पळते, पण जोर कमी पडतो. हैबतीच्या ट्रकमधली जोडी पळणारी होती.

"टायर मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते," चाचा म्हणाले. "म्हणजे इंजिनाला तेवढं जड जातं. मोठे टायर लावायचे तर आतले दातही बदलावे लागतील, हैबती. खाणीवर जुना ट्रक बंद पडून आहे. आपल्या ट्रकच्याच कारखान्यात बनलेला आहे. त्याची सावकाश जोडी काढून हिच्यात बसवू."

हैबतीने विचारलं, मग गाडी पळेल का. चाचा म्हणाले, नाही पळणार. रिकामी असली तरी नाही पळणार.

हैबतीच्या डोळ्यांसमोर स्टेशनचा रस्ता आला, बाजूला होणारे टांगे आले. मग तो म्हणाला की इंजिन दमदार आहे, घाट त्याच्या पायाखालचा आहे, नुसत्या टायरवर काम भागेल. चाचांनी दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. ते म्हणाले की मग मीही बरोबर येतो.

मोठे रुंद टायर बसवले आणि ट्रक पुन्हा निघाला. या वेळी वाळूत चाकं बसली, पण रुतली नाहीत. ट्रक डुलत डुलत नदीपार झाला. हैबती मोठ्याने हसला आणि चाचांकडे बघून त्याने भुवया उडवल्या. चाचा समोरच्या घाटाकडे बघत होते.

घाटाच्या पायथ्याशी त्यांना डोंगर उतरणारी माणसं भेटली. डोक्यावर बोचकी, पुढे शेळ्या, काखेत कोंबड्या. पठार सोडून चाललेली ती पहिली कुटुंबं होती. एका म्हाताऱ्याने ट्रकवरचं दार पाहिलं आणि तो रस्त्याच्या कडेला बसला. दार वर पोचलं तर परत जाऊ, असं त्याने आपल्या माणसांना सांगितलं. सगळेच तिथे थांबले.

पहिला चढ ट्रकने जेमतेम काढला. दुसऱ्या वळणाशी इंजिन धापा टाकू लागलं. सर्वांत खालचा गिअर टाकूनही त्याच्यात ते ओझं वर न्यायचा जोर उरला नाही. ते एकदा गचकलं आणि बंद पडलं. हैबतीने पूर्ण जोर देऊन ब्रेक दाबला. पण एवढ्या ओझ्यापुढे ब्रेक टिकेना. ट्रक हळूहळू मागे सरकू लागला, आणि मागे दरी होती.

चाचांनी खाली उडी मारली. त्यांनी रस्त्याकडेचा मोठा दगड उचलला आणि मागच्या चाकाखाली सारला. दगड घसरला. त्यांनी तो पायाने पुन्हा आत रेटला. चाक दगडावर चढलं, ट्रक तिरका झाला आणि त्याची मागची बाजू डोंगराच्या कड्याला जाऊन टेकली. ट्रक थांबला. दोरखंड तुटून दार कडेच्या नाल्यात कोसळलं. आणि चाचांचा पाय दगड आणि चाक यांच्यामध्ये सापडला.

हैबतीने त्यांना सोडवलं. पाऊल चेचलं होतं. चाचा ओठ दाबून बसले, त्याला एका शब्दाने बोलले नाहीत. ते बोलले असते तर हैबतीला बरं वाटलं असतं.

खाली थांबलेल्या माणसांनी चाचांना खाटेवर घालून गावात नेलं. हातासरशी आपली बोचकीही त्यांनी उचलली आणि ती माणसं पुढे निघून गेली. तो म्हाताराही गेला.

हैबती वाटेत उभा राहिला. खाली जावं तर राणीला तोंड दाखवायचं. पण त्याला वाटलं, राणीच्या आधी, वर जी आपली वाट बघते आहे तिला सांगायला हवं. म्हणून तो घाट चढून पायीच पठारावर गेला.

तलाव त्याने पाहिला. काठाची माती तडकली होती आणि पाणी मधोमध आकसून बसलं होतं. मोरीपाशी पुन्हा माती सुटली होती. चंद्राक्का आणि गावची माणसं पाट्या भरभरून चिकणमाती वाहत होती. हैबतीने तिला गाठून घडलेलं सांगितलं, काही न लपवता. वेगाचा हट्ट आपण धरला होता हेही सांगितलं.

चंद्राक्काने ऐकून घेतलं. मग तिने एक पाटी त्याच्या पुढ्यात सरकवली. बोलायला वेळ नव्हता, पाणी चाललं होतं.

हैबती पाटी डोक्यावर घेऊन निघाला आणि सवयीने भरभर चालू लागला. तळ्याच्या चिखलात त्याची टाच आत गेली आणि तो पाटीसकट पडला. त्याने पुन्हा भरली. आता त्याने पाऊल पसरून, सपाट टेकवलं. चिखलाने त्याला धरलं नाही. पुढे बांधाचा उभा चढ आला. लांब ढांग टाकली तशी मांडी थरथरली आणि पाटी डोक्यावरून मागे जाऊ लागली. त्याने बाजूला पाहिलं. चंद्राक्का त्याच्या दुप्पट वयाची, पण तशीच पाटी घेऊन चढत होती. तिची पावलं वीतभर पडत होती. ती थांबत नव्हती आणि धापाही टाकत नव्हती.

हैबतीने पाऊल आखूड केलं. तोही चढला.

उन्हं कलेपर्यंत तो वाहत राहिला. चिखलात पाऊल पसरायचं, चढावर पाऊल आखूड करायचं. एक करून भागत नाही, दोन्ही करावी लागतात. चाचा हेच तर सांगत होते. त्याने ते कानांनी ऐकलं होतं, आता मानेला आणि पोटऱ्यांना कळलं.

मोरी तात्पुरती बुजली तेव्हा चंद्राक्का त्याच्याजवळ येऊन बसली.

"अक्का, मी उशीर केला," हैबती म्हणाला.

"लवकर ये असं आम्ही म्हटलंच नव्हतं," चंद्राक्का म्हणाली. "ये, एवढंच म्हटलं होतं."

हैबती उतरला तो सरळ इब्राहिमचाचांच्या घरी गेला. चाचा खाटेवर होते, पाय बांधलेला. हैबतीने त्यांच्या पायाशी बसून माफी मागितली आणि मग म्हणाला, "चाचा, दात बदलायचे आहेत. हात माझे, तुम्ही फक्त सांगा."

चाचा म्हणाले, खाट मोटारखान्यात न्या.

राणीला विचारणं भाग होतं. हैबतीने तिला सगळं समजावून सांगितलं. मोठे टायर आणि सावकाश दात, दोन्ही मिळून ट्रक पठारावर जाईल. पण मग तो घोड्याबरोबरसुद्धा पळणार नाही. राणीने विचारलं की टपालाचं काय.

"टपाल दुसऱ्या कोणाकडे द्यावं, सरकार," हैबती म्हणाला. "ट्रक पुन्हा पुन्हा उघडून दात बदलत बसलो तर धड एकही काम होणार नाही. पठाराला याची गरज जास्त आहे."

राणीने मान डोलावली. टपालासाठी एक हलकी मोटार आणि एक तरुण ड्रायव्हर नेमला गेला.

मग काम सुरू झालं. ट्रक घाटातून सावकाश उतरवून आणला, बैलांनी दार नाल्यातून काढून आणलं, लोहारांनी त्याची वाकलेली कड सरळ केली. हैबतीने खाणीवरच्या बंद ट्रकची पेटी खोलली, दातेरी जोडी काढली, रॉकेलने धुतली आणि आपल्या ट्रकमध्ये बसवायला घेतली. चाचा खाटेवरून सांगायचे आणि तो करायचा. दात दातांत नीट बसेनात, जोडी कण्हायची. चाचा म्हणायचे, पुन्हा काढ. तो पुन्हा काढायचा. बोटं सोलली, पण त्याने घाई केली नाही. शेवटी चाचांनी कान लावून चाक फिरवायला सांगितलं. आतून बारीक, एकसारखी घरघर आली. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, आता ने.

तिसऱ्यांदा ट्रक निघाला. चाचा ऐकेनात, तेही शेजारी बसले.

सपाट रस्त्यावर ट्रक मुंगीसारखा चालला. मागून टांगे आले आणि पुढे गेले. एका टांगेवाल्याने वळून विचारलं की हैबती, आज धक्का मारू का. बाजारची माणसं हसली. हैबतीचे कान तापले. पाय आपोआप दाबला गेला, इंजिन ओरडलं, पण गाडी होती त्याच चालीने चालत राहिली. मग त्याने पाय सैल केला.

नदीशी आल्यावर त्याने ट्रक थांबवला आणि सगळ्या टायरांतली थोडी थोडी हवा सोडली. टायर पोटाशी फुगून पसरले. त्या पसरट टायरांवर ट्रक वाळूवरून निघाला. कुठेही न थांबता, कुठेही जोर न करता, तो पलीकडे गेला.

घाट दगडांचा होता. मऊ टायर तिथे चिरले असते, म्हणून हैबतीने हातपंप काढला आणि हवा भरायला बसला. उन्हात पंप मारता मारता त्याचा सदरा घामाने चिंब झाला. चाचांनी विचारलं की थोडी कमी भरलीस तर नाही का चालणार. त्याचा निश्चय ते चाचपून बघत होते. हैबती म्हणाला, नाही चालणार, आणि पंप मारत राहिला.

मग घाट आला. सर्वांत खालचा गिअर, आणि माणूस चालेल त्याहून सावकाश वेग. पहिला चढ गेला. दुसरं वळण आलं, जिथे ट्रक मागे सरकला होता. कड्यावर अजून ओरखडे होते. वेग घेऊन एका दमात वळण काढावं, असं त्याच्या अंगातली सगळी जुनी सवय त्याला सांगत होती.

त्याने वेग घेतला नाही. वळण एका दमात बसत नव्हतं, म्हणून तो अर्ध्यावर थांबला, दरीकडे हातभर मागे आला आणि पुन्हा पुढे निघाला. इंजिन गुरगुरलं. आतल्या जोडीने ओझं दातांत धरलं आणि सोडलं नाही. ट्रक वीतभर चढला, हातभर चढला, वळणाबाहेर आला.

चाचांनी आपला बांधलेला पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. त्यांनी हात सोडले.

"चल," ते म्हणाले. "असाच चल."

वर पठाराच्या तोंडाशी गावकरी उभे होते. ते ट्रकबरोबर चालत बांधापर्यंत आले, कारण चालणाऱ्या माणसाला त्या ट्रकबरोबर राहणं सहज जमत होतं. ओंडके लावून, दोर लावून त्यांनी दार उतरवलं आणि मोरीच्या खाचेत सोडलं. दार आपल्या वजनानेच खाली बसलं.

पाण्याचा आवाज बंद झाला. कित्येक महिने तो आवाज दिवस-रात्र त्यांच्या कानात होता. चंद्राक्का मोरीच्या पलीकडच्या बाजूला उतरली आणि तिने दाराच्या कडेवरून हात फिरवला. हात कोरडा निघाला. तो तिने वर करून सगळ्यांना दाखवला.

तलाव अर्ध्याहून जास्त रिता झाला होता. त्या साली खालची शेतं पडीकच राहिली. पण माणसांना आणि गुरांना पावसाळ्यापर्यंत पाणी पुरलं, आणि डोंगर उतरून गेलेली बहुतेक कुटुंबं आपापल्या घरी परतली. इब्राहिमचाचा पुढे काठी टेकून चालू लागले. त्यांचा पाय पहिल्यासारखा झाला नाही, आणि हैबतीही ते कधी विसरला नाही. तो पठाराचा ड्रायव्हर झाला. चक्कीची जाती, देवळाचे खांब, शाळेची तुळई, जे जे जड होतं ते त्याने वर पोचवलं. सपाट रस्त्यावर टांगे त्याच्या पुढे जात राहिले, आणि हैबती त्यांना वाट देत राहिला.

बोध: साधनाची निवड रिकाम्या हाताने सपाट वाटेवर किती पळता येईल ते पाहून करू नये, भरल्या ओझ्याने सर्वांत अवघड चढ कसा चढता येईल ते पाहून करावी.